गच्चीवरची शेती : उपनगरातील तरुणांना शेतकऱ्याने काय द्यावे?



अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही नावे आपण भाजीच्या गिऱ्हाइकांची ठिकाणे म्हणून ओळखतो. वसईची वाडवळ आणि सामवेदी कुपारी बागायतदार मंडळी पिढ्यान्‌पिढ्या याच उपनगरांत भाजी, केळी आणि फुले घेऊन येत आली. ठाणे, पालघर, रायगड जिल्ह्यांतील मालही येथेच खपतो. अलीकडे या गिऱ्हाइकांपैकी काही तरुण मंडळी खिडकीच्या जाळीत मेथी पेरू लागली आहेत, सोसायटीच्या गच्चीवर पिंपात वांगी लावू लागली आहेत आणि स्वयंपाकघरातील कचऱ्याचे खत करू लागली आहेत.

हे ऐकून आपल्याला हसू येणे साहजिक आहे. एकरावर राबूनही जिथे हाती फारसे उरत नाही, तिथे कुंडीत काय पिकणार, असे कोणीही म्हणेल. परंतु हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. या तरुणांना रोपे, खत आणि खात्रीचे ज्ञान हवे आहे, आणि ते सर्व आपल्याकडे आहे. आपण ते दिले नाही तर रंगीत पिशवीत माती भरून विकणारे व्यापारी देतील. तेव्हा या गच्चीशेतीची ताकद किती, तिच्या मर्यादा कोणत्या आणि तिच्यात आपला वाटा काय, हे समजून घेऊ.

उपनगरे मुळात शेतीचीच

मुंबईची आजची उपनगरे ही साष्टी बेटावरची गावे. येथे भाताची खाचरे, भाजीचे मळे, ताडामाडाच्या वाड्या आणि आंब्याची झाडे होती. १९५० आणि १९५७ मध्ये ही गावे टप्प्याटप्प्याने मुंबई महानगरपालिकेत आली. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा झाला. अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे त्याचे तीन तालुके असून मुलुंड आणि घाटकोपर कुर्ला तालुक्यात मोडतात. जुन्या गावांची गावठाणे अजून आहेत. आरे परिसरातील आदिवासी पाड्यांवर पावसाळ्यात भाजीपाला पिकतो, आणि गोराई-मनोरीकडेही शेतीच्या खुणा टिकून आहेत. म्हणजे येथील हवापाणी शेतीला परके नाही. गेली ती जमीन. ऊन, पाऊस आणि ओला कचरा आजही भरपूर आहे.

ज्यांनी करून दाखविले

या कामाचा पाया महाराष्ट्रातच घातला गेला. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि शेतकऱ्याने स्वतः मोजमाप ठेवून प्रयोग करावा, ही शिस्त लावली. पाच माणसांचे कुटुंब दहा गुंठ्यांवर चांगले जगू शकते, असा त्यांचा हिशेब होता. पानावर पडणाऱ्या उन्हाचा पूर्ण उपयोग करणे आणि शेतातील काडीकचरा मातीत परत घालणे, ही त्यामागची दोन सूत्रे होत.

वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी हाच विचार इमारतीच्या गच्चीवर नेला. मातीचे वजन टाळण्यासाठी त्यांनी उसाचा चोथा वापरला. पिशव्या, पिंपे आणि जुने टायर यांत चोथा भरून, वर थोडी माती व खत घालून ते भाजी आणि फळझाडे घेत. रसवंतीवाला जे फेकून देतो त्यातून भाजी पिकू शकते, हे त्यांनी शहराला दाखवून दिले.

पुढे २००२ साली मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकगृहाच्या गच्चीवर तेथील अधिकारी प्रीती पाटील यांनी बाग सुरू केली. हजारो कामगारांचे जेवण जिथे शिजते तिथे भाजीची देठे, साली आणि उरलेले अन्न रोज निघणारच. हा कचरा बाहेर न टाकता त्याचे खत गच्चीवरच करण्यात आले आणि त्यावर फळझाडे व भाज्या वाढल्या. पुढे ‘अर्बन लीव्ह्ज’ या नावाने शहरातील अनेक तरुण या कामाला जोडले गेले.

जगाकडे पाहिले तर क्युबाचे उदाहरण बोलके आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला आणि क्युबाला मिळणारे खनिज तेल, खते व औषधे एकाएकी आटली. तेव्हा हवाना शहरातील मोकळ्या जागांवर वाफे बांधून सेंद्रिय भाजीपाला घेण्यास सुरुवात झाली. तेथे ही शेती गरजेतून उभी राहिली. आपल्याकडे गरज आहे ती कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची आणि विश्वासाच्या अन्नाची.

प्रामाणिक जमाखर्च

गच्चीशेतीबद्दल अवास्तव गोष्टी सांगितल्या जातात, म्हणून हिशेब मांडणे आवश्यक आहे. माणशी दररोज ३०० ग्रॅम भाजी धरली तर चौघांच्या कुटुंबाला दिवसाला १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे वर्षाला सुमारे ४४० किलो भाजी लागते. उत्तम निगा ठेवून एका चौरस मीटरमधून वर्षाला १० किलो भाजी मिळते असे गृहीत धरले, तर संपूर्ण गरजेसाठी ४४ चौरस मीटर उन्हाची जागा हवी. फ्लॅटच्या खिडकीत फार तर दीड चौरस मीटर जागा असते. तीतून १५ किलो भाजी, म्हणजे जेमतेम १२ ते १३ दिवसांची गरज भागते.

याचा अर्थ स्पष्ट आहे. खिडकीतली शेती धान्य, डाळ, कांदा, बटाटा देऊ शकत नाही आणि आपल्या मालाचे गिऱ्हाईकही तोडू शकत नाही. ती कोथिंबीर, पुदिना, मिरची, कढीपत्ता आणि आठवड्याला एखादी पालेभाजी देते. पण ज्या तरुणाने तीन महिने पाणी घालून, मावा पुसून, एका झाडाचे दीड किलो टोमॅटो काढले, त्याला शेतमालाच्या भावामागची मेहनत सांगावी लागत नाही. वर्षातले उरलेले ३५० दिवस तो भाजी विकतच घेणार आहे. ती कोणाकडून घ्यायची हे तो आता विचारपूर्वक ठरवील, हा आपला खरा लाभ आहे.

ओल्या कचऱ्यापासून सुरुवात

मुंबईत दररोज सहा हजार टनांहून अधिक कचरा निघतो आणि त्यात ओल्या कचऱ्याचा वाटा मोठा असतो. देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. २०१६ च्या जानेवारीत तिला लागलेल्या आगीचा धूर घाटकोपर, चेंबूर भागांत कित्येक दिवस राहिला. मुलुंडच्या कचराभूमीवर कचरा टाकणे २०१८ मध्ये थांबविण्यात आले. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार ओला व सुका कचरा वेगळा करणे बंधनकारक झाले. दिवसाला १०० किलोहून अधिक ओला कचरा करणाऱ्या मोठ्या सोसायट्यांनी तो आपल्याच आवारात जिरवावा, असा आग्रह महापालिकेने २०१७ पासून धरला. त्यामुळे खत कसे करावे, हा प्रश्न सोसायट्यांना पडलेला आहे.

खत होण्याची क्रिया उकिरड्यात होते तीच. जिवाणूंना कार्बन, नत्र, ओल आणि हवा यांचा मेळ लागतो. भाजीच्या देठांत नत्र व पाणी जास्त असते, तर वाळलेल्या पानांत कार्बन जास्त असतो. शहरातील मंडळी नुसता ओला कचरा साठवितात, त्यामुळे तो सडतो, वास सुटतो आणि अळ्या पडतात. यासाठी पुढीलप्रमाणे सांगावे.

१) बाजूंना व तळाला भोके पाडलेले पिंप किंवा टोपली घ्यावी. तळाशी ४ बोटे वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या घालाव्यात.

२) ओला कचरा बारीक चिरून टाकावा. दर थरावर तेवढाच सुका पाला किंवा काथ्याचा भुसा (कोकोपीट) पसरावा.

३) विरजण म्हणून मूठभर तयार खत किंवा शेणाची पातळ स्लरी शिंपडावी.

४) दर ३ ते ४ दिवसांनी खालीवर करावे. मुठीत दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल ठेवावी.

५) मुंबईच्या उष्ण हवेत साधारणतः दीड ते दोन महिन्यांत खत तयार होते. काळसर रंग आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास ही त्याची खूण.

उपनगरात झाडांची पानगळ मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिल या काळात होते. हा पाला जाळू न देता गोण्यांत भरून ठेवावा. पावसाळ्यात खत बिघडते ते सुका पाला नसल्यामुळे, आणि ही गोणीच तेव्हा कामी येते.

गच्चीवर लागवड करताना

*वजन :* ओल्या मातीचे वजन घनमीटरला सुमारे १७०० किलो भरते. एक फूट जाडीचा थर दिला तर चौरस मीटरवर ५०० किलोंचा भार येतो. गच्चीचा आराखडा साधारणतः चौरस मीटरला १५० किलो भार धरून केलेला असतो. म्हणजे हा भार तिपटीहून अधिक झाला. म्हणून गच्चीवर मातीचे सलग वाफे घालू नयेत. माती, खत आणि काथ्याचा भुसा समप्रमाणात घेऊन १२ इंची कुंड्या किंवा ग्रो बॅग भराव्यात. अशी एक कुंडी ओली असताना साधारण २० ते २२ किलो भरते. चौरस मीटरला चारच ठेवल्यास भार आटोक्यात राहतो. कुंड्या तुळया व भिंतींच्या रेषेत ठेवाव्यात. जुन्या इमारतीत स्थापत्य अभियंत्याचा सल्ला आणि सोसायटीची परवानगी घेतल्याशिवाय काम सुरू करू नये.

*निचरा :* या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात आणि गच्चीची पन्हळे मोकळी ठेवावीत. कुंडीखालच्या बशीत साठलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात. बशा आठवड्यातून एकदा तरी कोरड्या कराव्यात.

*ऊन :* फळभाज्यांना किमान ५ ते ६ तास ऊन हवे. ३ ते ४ तास ऊन मिळणाऱ्या खिडकीत पालेभाज्या, पुदिना, अळू घ्यावे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर शेडनेट बांधावे.

*चोथ्याची काळजी :* उसाचा ताजा चोथा भरल्यास तो कुजताना जिवाणू मातीतील नत्र वापरून टाकतात आणि रोपे पिवळी पडतात. चोथा आधी शेणाच्या पाण्यात भिजवून तीन-चार आठवडे कुजवावा, मगच वापरावा.

*पिके :* पावसाळ्याच्या तोंडावर भेंडी (परभणी क्रांती, अर्का अनामिका), कारली (कोकण तारा), पडवळ (कोकण श्वेता) घ्यावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टोमॅटो, वांगी, मिरची (फुले ज्योती), मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर लावावी. उन्हाळ्यात माठ (कोकण दुरंगी), गवार आणि चवळी येते. नवशिक्याने पहिल्या हंगामात मेथी, माठ आणि मिरची या तीनच पिकांवर थांबावे. एकदम २० कुंड्या आणणाऱ्याचा उत्साह फार काळ टिकत नाही.

*फळधारणा :* उंच मजल्यावर मधमाश्या कमी येतात, त्यामुळे वेलभाज्यांची फुले गळतात. नर फूल तोडून त्यातील परागकण मादी फुलाला हाताने लावावेत. काकडी व कारल्यासाठी सकाळची, तर दुधी व पडवळासाठी संध्याकाळची वेळ योग्य.

*खत-औषध :* दाभोलकरांच्या परंपरेतील मंडळी ‘अमृतजल’ वापरतात. १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र, ५० ग्रॅम काळा गूळ आणि १० लिटर पाणी एकत्र करून ३ दिवस दिवसातून तीनदा ढवळावे. चौथ्या दिवशी दहापट पाणी घालून मुळाशी द्यावे. कच्ची खाण्याच्या पालेभाजीवर मात्र ते फवारू नये. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण दिसताच ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. घरगुती प्रमाण लिटर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी पावडर. ती रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण मिसळून संध्याकाळी वापरावी.

पाण्याबाबत सावधगिरी

लोकलच्या रुळांलगत भाजीचे पट्टे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिले. रेल्वेने ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली ही जमीन कर्मचाऱ्यांना दिली होती. कल्पना उत्तम होती, पण काही ठिकाणी नाल्याचे पाणी वापरले जात असल्याच्या तक्रारी झाल्या आणि सगळ्याच भाजीवरचा विश्वास उडाला. नाल्याच्या पाण्यात रोगजंतूंबरोबर शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात, आणि पालेभाज्या ते इतर पिकांपेक्षा अधिक शोषून घेतात. असा माल धुऊनही सुरक्षित होत नाही. शहरातील असो वा गावातील, पाण्याची खात्री नसेल तर तेथे खाण्याची भाजी लावू नये.

आपण काय विकू शकतो?

*रोपे :* प्रो ट्रेमध्ये टोमॅटो-वांग्याची रोपे २५ ते ३० दिवसांत आणि मिरचीची ३५ ते ४० दिवसांत तयार होतात. शहरातल्या माणसाला हजार रोपे नकोत, पाच-दहा हवीत. रोपासोबत पिकाचे नाव, वाण, लावणीची तारीख आणि पाणी देण्याची रीत लिहिलेली मराठी चिठ्ठी द्यावी.

*खत :* गांडूळखत चाळून लहान पिशव्यांत द्यावे. निंबोळी पेंड, काथ्याचा भुसा आणि कुजलेले शेणखत यांनाही मागणी असते. खत किंवा बियाणे नाव छापून विकण्यासाठी परवाना लागू शकतो, म्हणून आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे चौकशी करावी. स्वतःच्या शेतातील बियाणे ब्रँडचे नाव न देता विकण्याचा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या कायद्याने मान्य केलेला आहे.

*थेट विक्री :* जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजाराचे अभियान सुरू झाले. चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एखाद्या सोसायटीशी ठरावीक वाराची बोली केली तर दोघांनाही सोयीचे होते.

*ज्ञान :* पावसाळ्यात आदिवासी भगिनी उपनगरांतील बाजारांत टाकळा, कुर्डू, कंटोळी, शेवळी आणतात. शेवळी काकडाबरोबर शिजविली नाही तर घसा खाजतो, हे नव्या पिढीला ठाऊक नसते. शेवळीच्या जुडीबरोबर काकडे आणि दोन वाक्यांत कृती दिली, तर एकदा घेणारा पुन्हा येतो. हंगामात एक दिवस शेतावर शिवारफेरी ठेवावी. भात लावणी, भाजीची तोडणी आणि तिला पडणारा खर्च या तिन्ही गोष्टी प्रत्यक्ष दाखवाव्यात.

‘सेंद्रिय’ हा शब्द जपून वापरा

या ग्राहकाला सेंद्रिय मालाचे आकर्षण आहे आणि तो त्यासाठी दोन पैसे जास्तही देतो. म्हणूनच फसवणुकीचा मोह होतो. १ जुलै २०१८ पासून सेंद्रिय अन्नाबाबतचे नियम लागू झाले आहेत. वेष्टनावर ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकायचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाचे किंवा पीजीएस-इंडियाचे प्रमाणपत्र हवे. ठरावीक उलाढालीपर्यंतच्या लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना यातून सूट आहे, पण सूट प्रमाणपत्रापुरती आहे, खोटे बोलण्याची नाही. पीजीएस पद्धतीत गावातील किमान पाच शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेताची तपासणी करतो, त्यामुळे लहान शेतकऱ्याला ती परवडते. रासायनिक शेतीतून बदल करताना दोन ते तीन वर्षांचा संक्रमणकाळ धरावा लागतो. या काळात ‘आमची शेती बदलते आहे, या हंगामात अमुक एक फवारणी केली’ असे सरळ सांगावे. स्वतः कुंडीत मिरची वाढविलेल्या माणसाला कीड म्हणजे काय ते कळते. त्याला डागाळलेले वांगे चालते, खोटेपणा चालत नाही.

एवढे करावे

येत्या हंगामात आपल्या मळ्यातील एक गुंठा रोपांसाठी राखून ठेवावा. उपनगरातील ज्या सोसायटीत आपली भाजी जाते तेथील दोन-चार तरुणांशी बोलून त्यांना काय हवे ते विचारावे. त्यांच्या कचऱ्याचे खत होते की नाही ते पाहावे आणि अडले तेथे सांगावे. पहिल्या वर्षी मिळकत थोडी असेल. रोपे किती विकली, किती मेली, कोणते गिऱ्हाईक परत आले, याची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवावी. दुसऱ्या वर्षी रोपे वाढवायची की भाजीचा वार वाढवायचा, हे त्या वहीवरून ठरविता येईल. अडचण आल्यास जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातील विषय विशेषज्ञांशी संपर्क साधावा.